माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर

सोमवार, ६ जानेवारी

पाटी लागली! अॅड. मोहिनी बोरस्ते, पर्यवेक्षक विधी अधिकारी, समान वागणूक कक्ष. पाटी प्लास्टिकची आहे, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेली आहे आणि दुपारी एकदा पडलीसुद्धा. सहादूने, म्हणजे आमच्या शिपायाने, ती परत चिकटवली आणि म्हणाला, "म्याडम, पंखा दोनवरच ठेवू. तीनवर उडती." एवढ्या थंडीत पंखा लावायचाच कशाला, हे मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी भांडण नको.

एकवीस वर्षं नाशिकला सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात वाटपाचे दावे, जामीन आणि घटस्फोट केले. आता हे. सरकारने आपल्या जिल्ह्यात प्रयोग म्हणून हा कक्ष काढलाय. जात, धर्म, बाईपण, अपंगत्व, कशाहीमुळे कुणाला कामावर, भाड्याच्या घरात, दुकानात वेगळी वागणूक मिळाली तर त्याने आमच्याकडे यायचं. आम्ही जबाब घ्यायचा, चौकशी करायची आणि सुनावणी अधिकाऱ्यांपुढे त्याची बाजू लढवायची. पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नाही. शेखर म्हणाला, "अकरा महिन्यांचा करार आहे, इतक्या उड्या मारू नकोस." मी मारल्या. नवऱ्यासमोर नाही मारायच्या तर कुठे मारायच्या?

ही वहीसुद्धा आजच घेतली. वहीबरोबर लाल पेनांचं एक पाकीट.

बुधवार, ८ जानेवारी

माझ्या हाताखाली दोन वकील आहेत. हाताखाली! लिहितानासुद्धा बरं वाटतं.

नियाज शेख जुन्या नाशकातला. पाच मिनिटांत त्याने मला त्याच्या गल्लीतल्या तीन भांडणांची हकिगत सांगितली आणि तिन्हींत आपण कसे मध्ये पडलो तेही. पल्लवी भोये सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहून शिकलेली, वय सव्वीस. ती ऐकते. नुसती ऐकते. हुशार आहे पण बुजरी. तिला धीट करायची जबाबदारी माझी.

सराव म्हणून दोघांना सहादूचा खोटाखोटा जबाब घ्यायला लावला. नियाजने अर्धा जबाब स्वतःच सांगितला. पल्लवीने सहादू बोलला तसंच्या तसं उतरवलं, "मंग मी म्हनलो" वगैरेसकट. मी तो कागद लाल करून टाकला. 'सदर इसम', 'उपरोक्त ठिकाणी', 'त्यावेळी' घातलं, तेव्हा कुठे तो जबाबासारखा दिसायला लागला. माझे सिनियर म्हणायचे, ज्युनिअरच्या कागदावर लाल शाई नसेल तर सिनियरने तो वाचलेलाच नाही. पल्लवीने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. जपून ठेवणार असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

अठरा दिवस झाले. तक्रारी आल्या तीन. एकीच्या वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरी धुतात आणि पाणी हिच्या कपड्यांवर पडतं. दुसऱ्याला रेशनकार्डात नाव वाढवायचंय. तिसरा आमच्याकडे झेरॉक्स काढायला आला होता. नियाज म्हणाला, "मॅडम, झेरॉक्स मशीन टाकू, कक्ष जोरात चालेल." मी हसले. पहिली खरी केस कधी येणार?

सोमवार, ३ फेब्रुवारी

आली! पहिली केस आली आणि काय केस आहे!

नवसाबाई. पेठ तालुक्यातली, पन्नाशीची, कानात जाड बाळ्या, हातात पिशवी. दर वर्षी चौदा बायकांची टोळी घेऊन ती निफाडकडे द्राक्षाच्या हंगामाला येते. टोळी म्हणजे तिचीच जबाबदारी, सगळ्या तिच्या शब्दावर घर सोडून आलेल्या. एका पॅकहाउसमध्ये त्या निर्यातीचा माल निवडून भरतात. पॅकहाउसचं नाव इथे लिहीत नाही, गोपनीयता! (हे लिहिताना मला फारच अधिकारी झाल्यासारखं वाटलं.)

तिचं म्हणणं पल्लवीने टिपून घेतलं, मी शेजारी बसले होते. ती अशी बोलली:

"आत गार पान्याची मशीन हाय. ती कायमच्या लोकांची. आमी भायेर पेतो, क्रेट धुत्यात त्या टाकीवर. त्या दिशी समदी जेवाया गेल्ती, हालमदी कोनीच नव्हतं. आमच्या एका पोरीला ताप व्हता, माला वाटलं तिला गार पानी न्यावं. बाटली भरली. त्यो हर्षल साहेब आला. बाटली घेतली आन् वतून टाकली माझ्यासमोर. म्हनला, तुमचं पानी भायेर. मी म्हनलं, पानी काय तुमच्या घरचं हाय का? दुसऱ्या दिशी चौदाच्या चौदा जनींना सांगतलं, उद्यापासनं येऊ नका."

मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय, नवसाबाई?"

"काम. आन् पानी. आन् त्यानं गावभर सांगू नये का आमी चोर हाव म्हनून."

चोर! पाण्याची चोरी! हंगाम मार्चअखेर संपतो. तोवर या बायका एका मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून आहेत आणि दुसरं पॅकहाउस त्यांना घेत नाही, कारण चोर हा शब्द त्यांच्याआधी पोचतो. घरी येईपर्यंत मी मनात अख्खा युक्तिवाद करून टाकला होता. सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, मी मोठ्याने बोलत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जबाब तयार. सुंदर झालाय, स्वतःच म्हणते.

पल्लवीचा मसुदा नेहमीसारखाच होता, जसं बोलली तसं. मी सकाळी बसून त्याला आकार दिला. "सदर व्यवस्थापकाने सर्व कामगारांसमक्ष अर्जदारास अपमानित करून तिच्या हातातील बाटली हिसकावून घेतली." याला म्हणतात वाक्य. पल्लवी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, नवसाबाई म्हणाल्या की सगळे जेवायला गेले होते."

"अगं, हे वाक्य असतंच. लग्नपत्रिकेवर गणपती असतो की नाही, तसं. चारचौघांत अपमान झाला म्हटलं की केसला वजन येतं. एकवीस वर्षं लिहितेय मी हे."

"पण त्या म्हणाल्या..."

"पल्लवी, नियाजकडून टाईप करून घे. आणि ते कच्चे कागद फाडून टाक, फाईलमध्ये दोन-दोन जबाब नकोत."

ती गेली. तिला राग आला नाही, एवढं चांगलं आहे तिचं. लवकर शिकेल.

दुपारी नवसाबाईंना जबाब वाचून दाखवला. त्यांना चारचा टेम्पो गाठायचा होता म्हणून मी भराभर वाचला. प्रत्येक वाक्याला त्या मान हलवत होत्या, "व्हय, व्हय." पल्लवी म्हणाली, एकदा त्यांच्या बोलीत सांगू का? म्हटलं, टेम्पो जाईल. खाली नेहमीची ओळ होतीच: सदर जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. नवसाबाई अंगठा देत नाहीत, सही करतात! पेन घट्ट धरून, एकेक अक्षर. मग मला म्हणाल्या, "तुमी शिकलेली मान्सं. तुमी लिवलं म्हंजी बराबरच."

जबाब नोंदवणार म्हणून पल्लवीची सही, पर्यवेक्षक म्हणून माझी. पहिल्या केसच्या पहिल्या कागदावर!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पॅकहाउसला भेट देऊन आलो, पल्लवी आणि मी. हर्षल म्हणजे तिथला व्यवस्थापक, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, अदबीने बोलणारा. आम्हाला बशीत द्राक्षं दिली. मी खाल्ली नाहीत. (दोन खाल्ली. निफाडची माहेरवाशीण द्राक्षाला नाही कशी म्हणणार?)

"मॅडम, हा हायजीनचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "एक्स्पोर्टचं ऑडिट असतं. हंगामी लोकांना कूलरजवळ सोडता येत नाही."

मी विचारलं, "द्राक्षं कोण भरतं?"

"हंगामी बायका."

म्हणजे त्यांचे हात लागलेली द्राक्षं सातासमुद्रापलीकडे चालतात आणि त्यांची बाटली तुमच्या नळाखाली चालत नाही! हे मी तिथे बोलले नाही, सुनावणीसाठी राखून ठेवलं. असं टाकणार आहे ना की बस. बाहेर त्या टाकीवर क्रेट धुणं चालू होतं, पाण्यावर द्राक्षाची पानं आणि फेस. पल्लवीने फोटो काढले.

येताना मी तिला आमचा मळा दाखवला, लांबूनच. म्हटलं, आमच्याकडे असलं कधीच नव्हतं. वडील बायकांना घरच्यासारखं वागवायचे. बायका विहिरीवरच्या पाइपाचं पाणी प्यायच्या, थंडगार, हवं तेवढं.

"तुम्हीपण पाइपाचंच प्यायचात, मॅडम?" पल्लवीने विचारलं.

"आम्हाला घरात माठ होता ना."

ती खिडकीबाहेर बघत बसली. दमली असेल, सकाळपासून उन्हात उभी होती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उद्या सुनावणी! शिवजयंतीची सुट्टी, तरी आम्ही तिघंही ऑफिसात. साडी काढून ठेवली, करड्या काठाची. नियाजला दोनदा युक्तिवाद म्हणून दाखवला, त्याने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. पल्लवी फाईलला दोरा बांधत होती. म्हणाली, "मॅडम, ते वाक्य..." मी म्हटलं, "आता उद्याचं बघू गं." कोर्टाच्या आदल्या दिवशी शंका काढायच्या नसतात, मन ढिलं पडतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काय लिहू?

सुरुवात झकास झाली. द्राक्षं आणि बाटलीचं वाक्य टाकलं तेव्हा सुनावणी अधिकाऱ्यांनी, म्हणजे आमच्या निवृत्त न्यायाधीश साहेबांनी, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग पॅकहाउसचा वकील उठला. त्याने हजेरीच्या मशीनचा कागद ठेवला. त्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांपर्यंत नवसाबाई सोडून एकूणएक कामगार अंगठा लावून जेवायला बाहेर गेलेले. त्याने नवसाबाईंना साधा प्रश्न विचारला, "बाई, तेव्हा तिथे कोण कोण होतं?"

"कोनी नव्हतं. मी आन् ह्ये साहेब."

"मग जबाबात 'सर्व कामगारांसमक्ष' लिहिलंय. ते खोटं?"

नवसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कागदात काय लिहिलंय तेच ठाऊक नव्हतं. वकील म्हणाला, "साहेब, जी बाई शपथेवर एक गोष्ट खोटी सांगते तिची दुसरी गोष्ट तरी कशी खरी मानायची? आधी पाणी चोरलं, आता तक्रार रचली." हर्षलने खाली मान घातली होती, पण हसू दिसत होतं.

मी उठले आणि म्हटलं, "साहेब, टंकलेखनातली चूक आहे."

"अख्खं वाक्य चुकून टाईप झालं?" साहेबांनी विचारलं. "जबाब कुणी नोंदवला?"

"आमच्या कनिष्ठ वकिलांनी. पल्लवी भोये."

हे खोटं नव्हतं. खाली सही तिचीच आहे. साहेबांनी तिच्याकडून लेखी खुलासा मागितलाय, पुढच्या शुक्रवारची तारीख दिली, आणि तोवर तक्रार रद्द का करू नये हेही विचारलंय. पल्लवीने फाईलचा दोरा सोडला आणि परत बांधला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नियाज आज माझ्याशी बोलत नाही. नियाज! ज्याला गप्प करायला सहादूला चहा लवकर आणावा लागतो.

मी पल्लवीला समजावलं की खुलाशात 'नजरचुकीने' लिही, चार ओळी पुरेत, नवीन वकिलाला कोणी फासावर देत नाही. माझ्या नावावर आलं तर कक्षच अडचणीत येईल, तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांचं काय? ती "हो मॅडम" म्हणाली. सगळं रीतसर आहे. मग जेवण का गेलं नाही कोण जाणे. शेवग्याची आमटी होती, मला आवडते ती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नवसाबाई आल्या होत्या. एकट्या. पल्लवी आणि नियाज बाहेर गेले होते, खोलीत मी आणि त्या. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी टोकावर बसल्या.

म्हणाल्या, "बाई, लोक म्हनतात तुमची नोकरी जाईल माझ्यापायी."

"तसं काही नाही."

"मी इचार केला. शुक्रवारी मी सांगते, समदे व्हते म्हनून. घाबरली म्हनून त्या दिशी चुकलं, असं सांगते. तुमी काळजी करू नका."

मी विचारलं, "पण ते खरं नाही ना, नवसाबाई?"

"नाय. पन कागदात हाय. आन् तुमी माझ्यासाठी येवढं केलं." मग म्हणाल्या, "येक सांगा. मी सांगतलं व्हतं ना, कोनी नव्हतं म्हनून? माला आता माझाच भरोसा वाटेना. रोज त्या बाया इचारत्यात, नवसा, तू नीट सांगतलं व्हतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही अगदी नीट सांगितलं होतं."

त्या उठल्या. सहादूने आणलेला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला.

मला लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुट्टी. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलाय, शेजारचे पहाटेच गेले. मी साबुदाण्याची खिचडी केली आणि तिखट केली. शेखरला सगळं सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "चूक तुझी आहे, हे पल्लवीला सांगितलंस का?" नाही सांगितलं. तिला माहीतच आहे, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. पहिल्यापासून तिला माहीत होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी पल्लवीला म्हटलं, "ते कच्चे कागद फाडायला सांगितले होते मी. फाडलेस?"

तिने पर्स उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत वहीची चार पानं, घडी न मोडलेली, प्रत्येक पानाखाली नवसाबाईंची सही. तारीख ३ फेब्रुवारी. त्याच पिशवीत सहादूचा तो सरावाचा जबाबही होता, माझ्या लाल शाईने माखलेला.

"तुझा खुलासा तयार आहे?"

"आहे. तुम्ही सांगितलं तसा. नजरचुकीने."

"दे इकडे."

तो मी फाडला. आयुष्यात पहिल्यांदाच ज्युनिअरचा कागद लाल न करता फाडला! ती घाबरली, तिला वाटलं मला राग आलाय. मग मी तिला सांगितलं मी उद्या काय करणार ते. तिने एवढंच विचारलं, "नक्की, मॅडम?" नियाज दारातून ऐकत होता, तो आत येऊन म्हणाला, "मॅडम, मी गाडी घेऊन येतो उद्या, एकत्रच जाऊ." मला खूप भीती वाटतेय आणि तरी पाय जमिनीवर ठरत नाहीत. हे काय वय आहे का असं होण्याचं?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

झालं!!

साहेबांनी आधी पल्लवीचा खुलासा मागितला. मी उठले. पाठ केलेलं सगळं विसरले, 'सदर' आणि 'उपरोक्त' तर कुठल्या कुठे. म्हटलं, "साहेब, ते वाक्य माझं आहे. या बाईंनी ते सांगितलं नाही. त्यांनी उलटं सांगितलं होतं. पल्लवीने बरोबर लिहिलं होतं, मी बदललं. मागच्या तारखेला मी टंकलेखनाची चूक म्हटलं, तेही खरं नव्हतं. हे त्यांचे स्वतःचे शब्द, हे त्या दिवशीचे कागद."

पॅकहाउसचा वकील आनंदाने उठला, "म्हणजे जबाब बनावट!" साहेबांनी त्याला हातानेच बसवलं. चारही पानं वाचली. सावकाश, एका ठिकाणी परत मागे जाऊन. मग म्हणाले, "यात लिहिलंय की हॉलमध्ये कोणी नव्हतं. तुमच्या मशीनचा कागदही तेच सांगतो. म्हणजे तुमच्याच पुराव्याने बाईंचं म्हणणं खरं ठरतंय, वकीलसाहेब."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आठ दिवस मी त्या कागदाला घाबरत होते आणि तो आमचाच कागद होता. तिचं बोलणं मी जसंच्या तसं ठेवलं असतं तर पहिल्याच तारखेला तो वकील तोंडघशी पडला असता.

साहेबांनी हर्षलला उभं केलं. "बाटली ओतली का?"

तो वकिलाकडे बघायला लागला. "तिकडे नको, इकडे बघून सांगा."

"ओतली. पण नियम आहे, साहेब."

"कुठे लिहिलाय?"

हर्षल परत वकिलाकडे बघायला लागला. नवसाबाई मागून बोलल्या, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, "लिवल्याला न्हाय साहेब. पन समद्यांला पाठ हाय."

साहेबांनी ते वाक्य स्वतः लिहून घेतलं. तसंच्या तसं! मी वाकून बघितलं.

मंगळवार, ४ मार्च

आदेश आला. तीन दिवसांत चौदाही जणींना कामावर घ्यायचं, बुडालेल्या दिवसांची मजुरी द्यायची, कूलर सर्वांना खुला, आणि चोरीचा आरोप खोटा असल्याचं पत्र पॅकहाउसने लेखी द्यायचं. शेवटच्या परिच्छेदात माझ्याविषयी चार ओळी आहेत. त्या मी दोनदा वाचल्या. बरोबर आहेत.

नियाजने सगळ्यांना पेढे वाटले, सहादूने तीन घेतले. पल्लवीने नवसाबाईंना फोनवर आदेश त्यांच्या बोलीत सांगितला. मला अर्धंच कळलं, पण पलीकडून चौदा बायकांचा असा कालवा उठला की पल्लवीला फोन कानापासून लांब धरावा लागला. ती हसत होती. ही पोरगी बुजरी आहे असं मी कधी लिहिलं होतं?

रविवार, ९ मार्च

माहेरी गेले होते. दुपारी मळ्यात काढणी चालू होती, दादाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, कामाला आलेल्या बायका पाइपावर पाणी पीत होत्या. मीही जाऊन ओंजळ धरली. गरम पाणी! काळा पाइप, दिवसभर उन्हात पडलेला. त्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, "ताई, जरा येळ सोडून द्यावं लागतं, मंग कोमट व्हतं."

थंडगार म्हणून मी कशावरून लिहिलं होतं? मला ते कोणी सांगितलं होतं? दादाला म्हटलं, मांडवाखाली माठ ठेव यांना. तो म्हणाला, इतक्या वर्षांत कुणी मागितला नाही. मी घरातला उचलून नेऊन ठेवला. वहिनी बघतच राहिली.

गुरुवार, २० मार्च

काल रंगपंचमी झाली. नियाजचे कान अजून हिरवे आहेत, मित्रांनी त्याला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, बुचकळून काढलं म्हणे, तीनदा. तसाच ऑफिसला आलाय.

आणि मला नोटीस आली. वरून, मुख्यालयातून. अर्जदाराच्या जबाबात परस्पर बदल केल्याबद्दल आपला करार का संपुष्टात आणू नये, सात दिवसांत खुलासा करावा. येणार हे माहीत होतं. तरी पाकीट दोनदा टेबलावर ठेवलं, मग फोडलं. मला हे काम हवंय. आत्ता कुठे कळायला लागलंय मला हे काम.

दुपारी बसून खुलासा लिहिला. चांगला लिहिला. एकवीस वर्षं दुसऱ्यांचे खुलासे लिहिलेत, स्वतःचा का जमू नये? "सदर वाक्य माझ्याकडून कामाच्या ओघात, सद्हेतूने व अनवधानाने समाविष्ट झाले." पल्लवीला बोलावलं, कागद दिला आणि लाल पेनही दिलं. म्हटलं, तपास.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि वाचायला लागली. बराच वेळ वाचत होती. पंखा दोनवर फिरत होता. शेवटी तिने पेनाचं टोपण काढलं आणि एका शब्दाभोवती गोल केला. 'अनवधानाने'.

"मॅडम," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"दोनदा."

"हो. दोनदा."

मी कागद परत घेतला. शब्द खोडला, मग ओळ खोडली, मग अख्खा परिच्छेद. नवीन कागदावर लिहिलं: नवसाबाईंनी सांगितलं की तिथे कोणी नव्हतं. मी लिहिलं की सगळे होते. माझ्या सहकारी पल्लवी भोये यांनी मला दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. नंतर मी दोष त्यांच्यावर टाकला. एवढंच झालं. एवढं कोरडं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं आणि लिहिताना इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

पल्लवीने तो उचलला. मला वाटलं, आणखी काही खोडणार. ती म्हणाली, "वाचून दाखवते."

"अगं, मीच लिहिलाय."

"तरी."

तिने सावकाश वाचला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि मी "हो" म्हटल्याशिवाय पुढे गेली नाही. नियाज आणि सहादू दारात उभे होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. वाचून झाल्यावर मी खाली माझ्या हाताने लिहिलं, वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, आणि सही केली.

चारच्या डाकेने सहादू पाकीट घेऊन गेला.